आबांनी मोजलेलं इंग्लंड

तुमच्या आबांइतकं इंग्लंडला गंभीरपणे घेणारा माणूस या देशात दुसरा झाला नाही, आणि हे म्हणताना मी इंग्रजांनाही हिशेबात धरते आहे. इथली माणसं आपल्या देशात राहतात, त्याच्या हवेबद्दल कुरकुरतात आणि रविवारी गाडी धुतात. आबांनी तो देश मोजला. सगळा नाही, एका खेड्यापुरताच. पण तेवढा मात्र असा मोजला की त्या खेड्यात त्यांचा विषय निघाला की अजूनही दोन तट पडतात. म्हणून गावाचं नाव मी लिहीत नाही. स्लाऊपासून बसने पाऊण तासावर आहे, एवढं पुरे.

तुम्हा दोघांना आबा आठवणार नाहीत. ते गेले तेव्हा तुमच्यातली मोठी जेमतेम दोन वर्षांची होती आणि धाकटा यायचा होता. ऑकलंडच्या घरात तुमच्या आईने लावलेल्या फोटोत लोकरी टोपीवर मफलर गुंडाळून जे गृहस्थ कॅमेऱ्याकडे न बघता कुंपणाकडे बघत आहेत, ते आबा. तुमच्या बाबांचे वडील, म्हणजे माझे व्याही. मराठी घरात व्याही हा जरा जपून वागायचा माणूस असतो. आम्ही दोघंही जपून वागलो. ते मला शेवटपर्यंत 'विहीणबाई' म्हणत आणि माझ्या घरी चहा प्यायल्यावर कप स्वतः सिंकपाशी नेऊन ठेवत. सातारा जिल्ह्यात मोजणी खात्यात त्यांनी सारी नोकरी केली. शेतकऱ्यांच्या जमिनी साखळीने मोजायच्या, हद्दीचे दगड शोधायचे, नकाशा करायचा आणि खाली सही करायची. निवृत्त झाल्यावर वर्षाच्या आत त्यांच्या पत्नी वारल्या आणि तुमच्या बाबांनी त्यांना स्लाऊला आणलं. तो ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. ते आले ते दोन धोतरं, चार सदरे आणि मोजणीची लोखंडी साखळी घेऊन. हीथ्रोवर कस्टमच्या माणसाने बॅग उघडली आणि तेहतीस फूट साखळी टेबलावर ओतली गेली. हे काय म्हणून त्याने विचारलं. आबा म्हणाले, "मोजणीची साखळी. तुमच्याच लोकांनी आम्हाला शिकवली. फक्त तुमची सहासष्ट फुटांची असते. लांब साखळी असली की माणूस घाईत मोजतो." त्या बिचाऱ्याने ती परत भरायला मदत केली.

सरळ रेषेत नसलेली वस्तू त्यांना आजारी माणसासारखी वाटे. स्टॅनमोरला आमच्याकडे पहिल्यांदा आले, तेव्हा मी मानपानाची सगळी तयारी करून, वेम्बलीहून ताजी मिठाई आणून वाट बघत होते. आबा जोडे काढण्याऐवजी थेट मागच्या बागेत गेले, पावलं टाकत तीन फेऱ्या मारल्या आणि आत येऊन म्हणाले, "विहीणबाई, शेजारणीचं कुंपण नऊ इंच तुमच्यात आहे." मी म्हटलं, "असू दे हो, चांगल्या बाई आहेत." "चांगल्या आहेत म्हणूनच सांगायला पाहिजे. वाईट माणसाला माहीतच असतं." आणि मिठाई खायच्या आत ते शेजारच्या म्हाताऱ्या इंग्रज बाईंना सांगूनही आले. मी आठवडाभर पडद्याआडून त्यांच्या दाराकडे बघत होते. आठव्या दिवशी त्या केक घेऊन आल्या. त्यांच्या गेलेल्या यजमानांनी ते कुंपण घातलं होतं, आणि ते वाकडं आहे असं त्या तीस वर्षं सांगत होत्या म्हणे. त्यांच्या बाजूने बोलणारा माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटला होता.

असा माणूस स्लाऊच्या घरात दिवसभर काय करणार? तुमचे आईबाबा दोघंही कामाला जात. शेवटी तुमच्या आईने कौन्सिलचं संध्याकाळच्या वर्गांचं माहितीपत्रक आणलं. तिच्या मनात होतं की आबांनी इंग्रजी संभाषणाच्या वर्गाला जावं. आबांनी पत्रकावरून बोट फिरवलं आणि 'जुनी इंग्रजी, प्राथमिक' यावर थांबले. तुमची आई म्हणाली, "आबा, ही ती इंग्रजी नाही. ही हजार वर्षांपूर्वीची. आता कोणी बोलत नाही." आबा म्हणाले, "मग बरं. कोणी माझ्या उच्चाराला हसणार नाही."

तुम्हाला शाळेत कदाचित शिकवलं नसेल, म्हणून सांगते. रोमन लोक इथून गेल्यावर समुद्रापलीकडून अँगल, सॅक्सन वगैरे टोळ्या आल्या, इथेच राहिल्या, आणि पुढे नॉर्मन लोकांनी येऊन राज्य घेईपर्यंत पाच-सहाशे वर्षं त्यांचीच भाषा इथे चालली. आजच्या इंग्रजीची ती खापरपणजी. कॉलेजात मला तिचा एक पेपर होता आणि तो मी पाठांतराच्या जोरावर सोडवला होता. आबांच्या वर्गात शिकवायला सायकलवरून येणारी एक उंच, तरुण बाई होती आणि शिकायला सात-आठ निवृत्त माणसं. बाकीच्यांना वीरांच्या कविता आवडत. आबा हात वर करून विचारत, "ही लढाई नक्की कुठल्या गावच्या हद्दीत झाली?" बाईंनी दोन आठवडे सहन केलं. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी, बहुधा आबांना गप्प करायला, एका जुन्या दानपत्राची फोटोकॉपी त्यांच्यापुढे ठेवली. राजाने कोणा सरदाराला एक गाव दिलं, त्याचं ते पत्र. वरचा भाग लॅटिनमध्ये, देवाची स्तुती आणि दान मोडणाऱ्याला नरकाचे शाप. खालचा भाग मात्र गावच्या बोलीत: आधी जुन्या काटेरी झाडापासून चिखलाच्या ओढ्यापर्यंत, ओढ्याने वर कोल्ह्याच्या बिळापर्यंत, तिथून कुंपणाने करड्या दगडापर्यंत, आणि दगडापासून खाली उतरून परत काटेरी झाडापाशी.

आबा त्या दिवशी बसने न येता चालत घरी आले. मला फोन केला. एरवी फोनवर ते तार केल्यासारखं बोलत, त्या दिवशी थांबेचनात. "विहीणबाई, ही चतुःसीमा आहे! अगदी आपल्यासारखी. आपल्याकडे शिलालेखात देवाचं कौतुक संस्कृतात आणि शीव मराठीत. का? तर देवाला संस्कृत कळतं, शेजाऱ्याला कळत नाही. आणि भांडतो तो शेजारी!" त्यानंतर आबांनी ती भाषा पाढ्यांसारखी पाठ केली. स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटमधून सकाळी फिरताना मोठ्याने म्हणत, "स्तान म्हणजे दगड, दीच म्हणजे चर, बुर्ना म्हणजे ओढा." वेअरहाऊसमधल्या लोकांना ती प्रार्थना वाटे आणि एक लॉरीवाला तर त्यांच्या जवळून जाताना रेडिओ बारीक करी. दोन वर्षांत त्यांना त्या भाषेतले जमिनीचे सगळे शब्द आले. राजा, प्रेम, तलवार असले शब्द मात्र अडत. मी एकदा म्हटलं, "आबा, नॉर्मन लोकांनी सॅक्सनांचं सगळं राज्य घेतलं, त्याचं तुम्हाला काहीच नाही?" "सरकार बदललं. सरकार बदललं म्हणून बांध बदलत नाही." आमच्या गणपतीच्या कार्यक्रमात त्यांना पाच मिनिटं बोलायला दिली, तर पन्नास मिनिटं बोलले. आपल्याकडच्या दानाच्या शिळांवर, दान मोडणाऱ्याला शाप म्हणून कोरलेली गाढवं आणि सॅक्सन पत्रातला नरक यांची तुलना त्यांनी इतकी रंगवली की पोरं खूश झाली आणि आरतीला उशीर झाला.

आता मुख्य गोष्ट. दानपत्रातलं गाव म्हणजेच मी सुरुवातीला म्हटलं ते खेडं. तिथे एक इतिहास मंडळ होतं आणि त्याचे अध्यक्ष निवृत्त मेजर होते. मंडळ गावच्या हजार वर्षांच्या सीमेची पुस्तिका काढणार होतं, सोबत नकाशा. मेजरसाहेबांनी त्यात करडा दगड चौरस्त्यावर दाखवला होता, कारण चौरस्त्यावर एक दगड आहे. आबा सायकलवाल्या बाईंबरोबर जाऊन तीनदा सगळी सीमा चालले. तिसऱ्यांदा मीही गेले, गमबूट घालून. शेवटच्या टप्प्यावर आबा थांबले. "पत्रात काय लिहिलंय? दगडापासून खाली उतरून झाडापाशी. आता चौरस्त्यावरून झाडाकडे बघा." बघितलं. सरळ चढ होता. आबांच्या मते खरा दगड वर होता, एका शेतकऱ्याचं शेत, चर्चची जमीन आणि गोल्फ क्लब जिथे एकमेकांना भिडतात त्या कोपऱ्यात. तिथे मात्र दगड नव्हता. नुसतं गवत.

मंडळाच्या सभेत आबांनी हे सांगितलं. मेजरसाहेब अत्यंत सभ्य गृहस्थ. ते म्हणाले, "हजार वर्षं झाली. टेकडी थोडी हलली असेल." लोक हसले. आबा हसले नाहीत. "टेकडी हलत नाही. दगड हलतात. दगड हलवणारे असतात." मेजरसाहेबांनी घड्याळ पाहिलं आणि सांगितलं की पुस्तिका महिनाअखेर छापायला जाईल. तोवर पुरावा आला तर मंडळ विचार करील.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा माझ्याकडे हजर. मी हॉस्पिटलच्या रेकॉर्ड ऑफिसात काम केलेलं, घरी टाइपरायटर होता, कागद नीट लावलेले असत. त्यामुळे कचेरीचं काम निघालं की त्यांना मीच आठवे. त्यांनी मजकूर सांगायला सुरुवात केली आणि माझी बोटं थबकली. साताऱ्यात मोजणीआधी लगतच्या सगळ्या खातेदारांना जी नोटीस जाते, ती ते इंग्रजीत सांगत होते. अमुक दिवशी सकाळी दहा वाजता हद्द मोजली जाईल. आपण आपल्या जमिनीच्या कागदपत्रांसह जातीने हजर राहावे. हजर न राहिल्यास आपल्या गैरहजेरीत मोजणी पुरी करण्यात येईल व आपली तक्रार ऐकली जाणार नाही.

"आबा, असं लिहिता येणार नाही. तुम्हाला इथे काय अधिकार?"

"यात अधिकार आहे असं कुठं म्हटलंय? फक्त वेळ सांगितलीय."

"निदान 'कृपया' घालते."

"कृपया घातलं की माणूस येत नाही, विहीणबाई. एक अक्षर बदलू नका."

मला राग आला. मी टाइपरायटरवरचे हात काढून घेतले आणि म्हटलं, "एका दगडासाठी एवढं? तो इकडे दाखवला काय नि तिकडे दाखवला काय, कोणाचं काय बिघडणार आहे?"

आबांनी खुर्ची मागे सरकवली. मग त्यांनी सांगितलं. नोकरीत असताना, साताऱ्याच्या पूर्वेकडच्या एका कोरड्या गावात त्यांनी एक शेत मोजलं होतं. तीन कोपरे चालले. चौथा लांब होता, ऊन फार होतं आणि परतीची एस.टी. सुटणार होती. गावातला एक वजनदार माणूस म्हणाला, साहेब, तो दगड तिथेच आहे, माझ्या डोळ्यांनी रोज बघतो. आबांनी तो कोपरा न चालता नकाशावर मांडला आणि सही केली. दगड सरकवलेला होता. एका विधवा बाईची विहीर त्या नकाशाने शेजाऱ्याच्या शेतात गेली. तिने तक्रार केली, पण सहीचा नकाशा तिच्या विरुद्ध होता. आबांना खरं कळलं तोवर अपिलाची मुदत टळली होती. "आणि मुदत टळल्यावर मी कोणाला सांगितलंही नाही. तुमच्या जावयालाही माहीत नाही. त्यानंतर मी एकही कोपरा सोडला नाही. पण तो सुटलाच." मी पुन्हा टाइप करायला लागले. एक अक्षर बदललं नाही.

चार नोटिसा गेल्या: शेतकऱ्याला, चर्चच्या धर्मगुरूंना, गोल्फ क्लबच्या सेक्रेटरींना आणि मंडळातर्फे मेजरसाहेबांना. कोणी येणार नाही अशी माझी खात्री होती. शनिवारी दहाला आम्ही पोचलो तर शेताच्या फाटकाशी पाच गाड्या उभ्या! इंग्रज माणूस विनंतीला विचार करून उत्तर देतो. नोटिशीला मात्र तो वेळेवर येतो. गोल्फ क्लबचे सेक्रेटरी नकाशांच्या गुंडाळ्या घेऊन आले होते. धर्मगुरूंनी चर्चचे जुने कागद आणि बिस्किटांचा डबा आणला होता. साठीचा शेतकरी चिखलाच्या बुटांत उभा होता आणि त्याच्या शेजारी चकचकीत बुटांत त्याचा सॉलिसिटर. मेजरसाहेब कागदांच्या गुंडाळ्यांकडे बघतच राहिले. "हे कागद दाखवा म्हणून आम्ही वीस वर्षं विनंती करतोय," ते मला हळूच म्हणाले.

सॉलिसिटरने आबांना विचारलं, "आपण कोणाच्या वतीने आला आहात?"

"दगडाच्या," आबा म्हणाले, आणि त्यांनी साखळीचं एक टोक त्याच्याच हातात दिलं. गोंधळून त्याने ते धरलं, आणि धरलं म्हटल्यावर सोडता येईना. तासभर तो चकचकीत बुटांनी चिखल तुडवत आबांच्या हुकमाप्रमाणे ओढ्यापासून वर चालला. सायकलवाल्या बाई पत्रातला एकेक शब्द मोठ्याने वाचत होत्या. सगळे कागद जमिनीवर अंथरून, कडांवर बिस्किटाचा डबा आणि बूट ठेवून पाहिले. क्लबच्या सर्वांत जुन्या नकाशात त्या कोपऱ्यावर एक बारीक टिंब होतं. पण टिंब म्हणजे दगडच असं कोण म्हणणार? मेजरसाहेबांनी मान हलवली. "जवळ आलात. पण पुरावा नाही."

आबा शेतकऱ्याकडे वळले. सकाळपासून तो एक शब्द बोलला नव्हता. आबांनी त्याला आपल्या कचेरीच्या इंग्रजीत, पण हळू आवाजात सांगितलं, "जमीन कोणाची, ते मी विचारत नाही. दगड हलला म्हणून हद्द हलत नाही. तुमचा एक इंचही जाणार नाही. दगड कुठे होता, एवढंच सांगा."

"काही बोलू नका," सॉलिसिटर म्हणाला. साखळी त्याच्या हातात होतीच.

शेतकऱ्याने टोपी काढली, परत घातली. मग तो गवतातून चालत गेला, एकदा कुंपणाकडे पाहून दोन पावलं मागे आला आणि बुटाची टाच मातीत रोवली. "इथे. माझ्या वडिलांचा नांगर त्याच्यावर मोडला, म्हणून त्यांनी ट्रॅक्टरने उपटला. मी आठ वर्षांचा होतो. कोणाला सांगायचं नाही म्हणाले, नाहीतर वरचा जमीनदार, आता जिथे क्लब आहे तिथला, भांडत येईल. आमच्या गोठ्यात पाण्याच्या कुंडाखाली आहे तो." आणि टाच तशीच रोवून तो म्हणाला, "माझ्या बायकोलाही मी हे कधी सांगितलं नव्हतं."

आबांनी तिथेच पंचनामा केला. मी हाताने लिहिला, सगळ्यांनी सह्या केल्या. मेजरसाहेबांनी सर्वांत आधी केली, हुद्द्यासकट, आणि सोमवारी नकाशा दुरुस्त करून पाठवतो म्हणाले, तसा पाठवलाही. ट्रॅक्टरने दगड परत आणून पुरला त्या दिवशी गावात चहापान झालं, तरी चौरस्त्यावरचाच दगड खरा म्हणणारे तिथे अजून आहेत. पण आबा खूश दिसले नाहीत. परत येताना गाडीत ते एवढंच म्हणाले, "त्याच्या बापानं केलं होतं, विहीणबाई. आणि वकील शेजारी उभा असताना तो बोलला."

पंधरा दिवसांनी त्यांनी भारतात जायचं जाहीर केलं. तुमची आई माझ्याकडे रडकुंडीला येऊन म्हणाली, "आई, तू सांग ना त्यांना. ब्लडप्रेशर आहे, तिथे घर बंद आहे, थंडी संपू दे तरी!" तुमचे बाबा म्हणाले, "आबा, एवढं काय काम आहे?" आबा म्हणाले, "एक कोपरा राहिलाय." मी सांगून पाहणार नाही हे माझं मी ठरवलं होतं. मी त्यांची बॅग भरली, औषधांच्या पुड्यांवर तारखा घातल्या आणि हीथ्रोपर्यंत गेले. साखळी त्यांनी सायकलवाल्या बाईंना दिली होती. त्या कोपऱ्यावर मोजायचं काही राहिलं नव्हतं, सांगायचं तेवढं राहिलं होतं.

उन्हाळ्यात परत येतो म्हणाले होते. ते साताऱ्यातच गेले, पावसाळ्याच्या तोंडावर, झोपेत. त्याआधी मला त्यांचं एकच पत्र आलं. ती विहिरीवाली विधवा बाई जिवंत होती, फार म्हातारी झाली होती, नातवाकडे राहत होती. आबांनी तिच्या घरच्यांना आणि गावातल्या चार जणांना बोलावून सगळ्यांसमोर सांगितलं की चौथा कोपरा मी चाललो नव्हतो, विहीर तुमचीच होती. लिहूनही दिलं. कायद्याने आता काही होण्यासारखं नव्हतं, आणि विहीर तर केव्हाच बुजली होती. बाईने तो कागद नातवाच्या हातात दिला. मग म्हणाली, "बरं झालं आलात. मला वाटायला लागलं होतं, मलाच चुकीचं आठवतंय."

हे वाक्य आबांनी पत्रात दोनदा लिहिलं होतं. सगळी हयात कचेरीचे कागद लिहिलेला माणूस. एक गोष्ट दोनदा लिहिणं त्यांच्यात बसत नव्हतं. मी ते पत्र नेहमीप्रमाणे तारीख घालून फाइलला लावायला घेतलं, आणि कुठल्या फाइलला लावावं ते मला आजवर ठरवता आलेलं नाही.